अननस खाऊन मेलेली पोर, आणि इतर मंडळी

"कब्रस्तानात? अहो ताई, रात्रभर गीतांजलीत कुचंबून कोलकात्याला गेलात, आणि लेकीनं पहिल्याच शनिवारी नेलं कुठं, तर कब्रस्तानात?"

"तिकीट काढून," मी म्हटलं.

वहिनींच्या हातातली कढीपत्त्याची डहाळी तशीच राहिली. त्यांच्या मागे व्हरांड्यात माई तांदूळ निवडत बसल्या होत्या. एरवी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी माईंना ऐकू येत नाहीत. कब्रस्तान मात्र बरोबर ऐकू आलं.

"कोण गेलं वं?"

"कोणी नाही गेलं माई. जे गेले ते दोनशे वर्षांपूर्वीच."

"तरी आंघोळ केली ना घरी आल्यावर?"

"डोक्यावरून केली, माई."

त्यांचं समाधान झालं, आणि मी कुंपणाच्या तारेवर जरा ऐसपैस हात ठेवला. "पार्क स्ट्रीट म्हणजे वहिनी, तिथली सगळ्यात झगमगीत सडक. केकची दुकानं, हॉटेलं, गाड्याच गाड्या. आणि त्या सडकेचं जुनं नाव काय, तर बरिअल ग्राउंड रोड. मढी न्यायचा रस्ता. 1767 साली इंग्रजांनी गावाबाहेरची ओसाड जागा बघून तिथं कब्रस्तान काढलं. आता गाव चारही अंगांनी वाढून त्याच्या पार पलीकडे गेलंय. फाटकातून आत शिरलं की पन्नास पावलांवर हॉर्न ऐकू येईनासे होतात. आणि समोर बघावं, तर क्रूस नाहीतच! सगळी देवळं. पिरॅमिड काय, घुमट काय, खांबांचे मंडप काय. दोन-दोन मजले उंच सुळके. सोळाशेच्या आसपास थडगी आहेत म्हणतात, आणि एकेक एवढं ऐसपैस की आपलं हे आऊटहाऊस भाडेकरूसकट आत मावेल."

"एवढा दगड आणला कुठून?"

"दगड कुठला बंगालात! गाळाची जमीन सगळी. विटा रचायच्या, वरून चुन्याचा गिलावा घोटायचा. लांबून दगडच वाटतो. आता गिलावा सुटलाय, विटा उघड्या पडल्यात, फटीफटीत पिंपळ उगवलेत. नावाची पाटी तेवढी संगमरवराची. आणि वहिनी, त्या पाट्या वाचत गेलं ना, की पोटात कसंसंच होतं. वय वर्षं वीस. वय बावीस. बाळंतपणात गेलेली अठराची पोर, शेजारी तिचं तान्हं. ईस्ट इंडिया कंपनीत नोकरी लागली म्हणून सहा-सहा महिने जहाजात काढून यायचं, आणि आल्यावर ताप, नाहीतर पटकी, नाहीतर आव. गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी त्यांच्यातच म्हण पडली होती. त्यात ते कोलकात्याच्या उन्हात लोकरीचे कोट घालून हिंडणार, आणि भर दुपारी मटण हादडून वर दारू पिणार."

"मग मरतील नाही तं काय," माई म्हणाल्या.

"तिथं एक रोझ एल्मर म्हणून पोरगी आहे. वीस वर्षांची. सरदारघराण्यातली. आई दुसरं लग्न करून मोकळी झाली, म्हणून हिला कोलकात्याला मावशीकडे धाडलं. मावशीचा नवरा तिथं मोठा जज. पोर देखणी, तिकडे विलायतेत लँडोर नावाच्या एका कवीचा तिच्यावर जीव. 1800 साली मार्चमध्ये पोट बिघडलं आणि गेली. कशानं? अननसानं!"

"अननसानं कोणी मरतं होय?"

"त्या काळी तिथं हिकी म्हणून एक वकील होता, जगाच्या उचापती लिहून ठेवणारा. त्यानं सगळा दोष अननसावर ढकललाय. फार खाल्लं म्हणतो. आता पटकी झाली असेल बिचारीला, पण नाव पडलं अननसाचं. तिचं थडगं बघण्यासारखं आहे. पिळा घातलेला उंच शंकू, खालून वर निमुळता होत गेलेला. कवीनं तिच्यावर चार ओळींची जोडी लिहिली, ती इंग्रजी शिकणाऱ्या निम्म्या जगाला पाठ आहे म्हणे. नंतर कोणीतरी ती थडग्यावर कोरून टाकली. आणि खरी गंमत पुढे आहे, वहिनी. हा लँडोर पुढे म्हातारा झाला, तेव्हा चार्ल्स डिकन्सचा मित्र. डिकन्सनं आपल्या एका पोराचं नाव त्याच्यावरून ठेवलं, वॉल्टर लँडोर डिकन्स. तो पोरगा फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला, कर्जबाजारी झाला, आणि बाविसाव्या वर्षी कोलकात्यातच गेला, 1863च्या अखेरच्या दिवशी. पुरला होता भवानीपूरला, पण त्याच्या कबरीवरचा दगड पुढे उचलून याच कब्रस्तानात आणून ठेवला. म्हणजे ज्या कवीचं मन इथं अडकलं, त्याच्या नावाचा पोरगाही दगडाच्या रूपानं हिच्या शेजारी येऊन राहिला."

वहिनींनी डहाळी पदराला खोचली. आता त्या काही आत जाणार नव्हत्या.

"आणि माई, तुमच्या आवडीचा एक माणूस आहे तिथं. चार्ल्स स्टुअर्ट. आयर्लंडचा. कंपनीच्या फौजेत चढत चढत मेजर जनरल झाला. पण रोज सकाळी गंगेवर स्नान! घरात देवांच्या मूर्ती, इतक्या की बघायला लोक यायचे. गोरे त्याला हिंदू स्टुअर्टच म्हणायचे. आणि छापून काय आणलं माहितेय? की मडमांनी ते पोट आवळणारं लोखंडी पट्ट्यांचं झंपर टाकून द्यावं आणि साडी नेसावी. हवाही लागेल आणि दिसालही छान."

माईंनी सूप बाजूला ठेवलं. "मग नेसल्या का त्या?"

"कशाच्या! त्याचीच खिल्ली उडवली. 1828 साली गेला. शेवटी पुरला ख्रिस्ती कब्रस्तानातच, पण सोबत काही मूर्ती ठेवल्या म्हणतात. आणि थडगं बघाल तर छोटं देऊळच. दाराला नक्षी, वर शिखर. बाकीच्या मूर्तींचं मात्र झालं ते झालं. बऱ्याचशा लंडनला गेल्या, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देवांची इतकी सेवा करून त्यांना शेवटी समुद्रापार पाठवलं, याला काय म्हणावं मला कळत नाही."

"सोनं लागो त्याच्या तोंडाला, साडी म्हणला तो," माई म्हणाल्या. मूर्तींचं त्यांना फारसं वाटलेलं दिसलं नाही.

वहिनींनी मध्येच विचारलं, "विल्यम जोन्सही तिथंच ना हो?" चाळीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवल्यावर हा प्रश्न यायचाच होता.

"तिथंच. सगळ्यात उंच सुळका त्याचाच. मी मान वर करून बघता बघता जावई म्हणाला, आई, मागे नाली आहे. जोन्स आला तो 1783 मध्ये, सुप्रीम कोर्टाचा जज म्हणून. दुसऱ्या वर्षी एशियाटिक सोसायटी काढली. संस्कृत शिकायचं तर पंडित तयार होईनात, म्हणून एका वैद्याकडे शिकला. आणि 1789 साली शाकुंतल इंग्रजीत उतरवलं. त्याच्यावरून जर्मनीत गेलं, तिथं गटेसारखा माणूस वेडा झाला. आपण रामटेकला कालिदासाच्या स्मारकापाशी डबा उघडतो, चिवडा खातो आणि परत येतो. आणि हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथं जीव टाकून बसला. 1794."

"तुम्ही नमस्कार केला का?"

"केला. तुमच्याही वतीनं केला."

वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरं केलंत."

डेरोझिओचंही सांगितलं मी, पण थोडक्यात. बावीस वर्षांचा मास्तर, हिंदू कॉलेजात पोरांना प्रश्न विचारायला शिकवलं म्हणून काढून टाकला, आणि त्याच वर्षी, 1831 मध्ये, पटकीनं गेला. आम्ही होतो तेव्हा तिथं कॉलेजची दोन पोरं-पोरी फुलं ठेवून गेली. बाकी सगळ्या थडग्यांवर पानांचा खच, आणि मच्छर. मच्छर तर असे की माझ्या यांनी रुमाल डोक्याला बांधला आणि सगळा वेळ फेलूदाची आठवण काढत हिंडले. सत्यजित राय यांनी आपल्या या डिटेक्टिव्ह फेलूदाची एक गोष्ट याच कब्रस्तानात घडवली आहे. ह्यांनी ती वाचलेली, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून ह्यांना कोणीतरी काहीतरी पुरताना दिसत होतं.

"आणि आता ऐका," मी आवाज खाली आणला, कारण समोरच्या बंगल्यातलं भोसल्यांचं भाडेकरू कुटुंब खिडकीत उभं होतं. "त्या कब्रस्तानाच्या जवळूनच सर्क्युलर रोड जातो. आता त्याला जगदीशचंद्र बोसांचं नाव दिलंय. तो रस्ता कशावर बांधलाय माहितेय? मराठ्यांच्या भीतीनं खणलेल्या खंदकावर!"

"कुठल्या मराठ्यांच्या?"

"आपल्या! या इथल्या! महालातल्या रघूजी भोसल्यांनी भास्करपंत कोल्हटकरांना बंगालवर धाडलं ना 1742 साली, त्याच वर्षी कोलकात्यातल्या लोकांनी घाबरून खंदक खणायला घेतला. मराठा डिच म्हणायचे त्याला. तीनेक मैल खणून झाला आणि मराठे काही आलेच नाहीत, म्हणून अर्धवट सोडून दिला. खंदकाच्या आत राहतात म्हणून कोलकात्याच्या गोऱ्यांना पुढे चेष्टेनं डिचर म्हणायचे. 1799 मध्ये तो बुजवून वर रस्ता केला. लेकीच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या मासीमा राहतात. मी नागपूरची म्हटल्यावर हात जोडून हसल्या आणि म्हणाल्या, बोर्गी! त्यांच्याकडे पोरांना झोपवताना बर्गी आले, बर्गी आले म्हणून अंगाई गातात. अजून. आपल्याकडे बागुलबुवा येतो, तिकडे आपणच येतो."

"आपण काय केलं एवढं?" वहिनी जरा चिडल्याच.

"लुटलं, वहिनी. गावंच्या गावं जाळली. बंगाली पोथ्यांत सगळं लिहिलेलं आहे. मग 1744 मध्ये अलीवर्दीखानानं बोलणी करायच्या नावाखाली भास्करपंतांना तंबूत बोलावून कापलं, तेही खोटं नाही. आपल्या शाळेत आपल्याला एवढंच शिकवलं. पहिलं कोणी शिकवलं नाही. मासीमांनी मात्र संध्याकाळी संदेश पाठवले, नलेन गुडाचे. आपल्याच लोकांना घाबरून झोपणाऱ्या पोरांची आजी, आणि संदेश पाठवते. मी काय बोलणार?"

माईंनी विचारलं, संदेश म्हणजे मिठाई का चिठ्ठी. मिठाई, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आणले का?" आणले होते. मी डबा कुंपणावरून दिला.

कब्रस्तानातून निघून दुपारी टॅक्सी करून गेलो व्हिक्टोरिया मेमोरिअलला. हे माझ्या यांचं ठिकाण. फोटो काढायला तिथं जागा भरपूर. पांढराशुभ्र, मकराण्याचा संगमरवर, म्हणजे ताजमहालाचाच. पुढे तळी, बगीचा, बाकांवर छत्र्या उघडून बसलेली जोडपी. घुमटावर ब्राँझची परी आहे, ती वाऱ्यानं फिरते. युद्धाच्या वेळी जपानी विमानांना दिसू नये म्हणून सगळ्या इमारतीला काळं फासलं होतं. अगदी थाटाचा मामला.

"राणी व्हिक्टोरिया तिथं राहायची?" माईंनी विचारलं.

"राहायची कुठली, माई, ती उभ्या जन्मात हिंदुस्थानात पाऊल ठेवायला आली नाही! 1901 मध्ये मेली आणि व्हाइसरॉय कर्झननं ठरवलं, स्मारक करायचं. राजे-महाराजांकडून वर्गणी काढली. एक कोटी पाच लाख रुपये! 1906 मध्ये पायाभरणी. बांधता बांधता पंधरा वर्षं गेली, आणि मध्ये 1911 मध्ये राजधानीच दिल्लीला गेली. म्हणजे 1921 साली उघडलं तेव्हा कोलकाता राजधानी नव्हती, राणी नव्हती, आणि कर्झन तर केव्हाच परत गेला होता. तिकडे मैल-दीड मैलावर कब्रस्तानात जी पोरं खरोखर आली आणि परत गेलीच नाहीत, त्यांच्या नशिबी विटा आणि चुना. हिला मकराणा."

"बाईचं नशीब असतं एकेकीचं," माई म्हणाल्या.

"आणि ते बांधलं कोणी? विल्यम इमर्सन. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ज्यानं बांधलं, तोच. आधी भाजीबाजार, मग राणीचा महाल. आणि जागेवर उभं राहून काम करून घेणारा व्हिन्सेंट एश म्हणून एक होता, तो आधी आपल्या बंगाल-नागपूर रेल्वेत असिस्टंट इंजिनिअर होता."

"आपल्या रेल्वेत?" वहिनींचे सासरे बीएनआरमध्ये होते. त्यांचा रेल्वेवरचा हक्क अजून गेलेला नाही.

आतल्या चित्रांचं काय सांगू. डॅनियल काका-पुतण्यांनी काढलेली जुनी हिंदुस्थानी देवळं-घाट, भिंतीच्या भिंती. शांत चित्रं आहेत, त्यात माणसं अगदी मुंगीएवढी. एक रशियन चित्रकार व्हेरेश्चागिन, त्याचं भिंतभर चित्र, 1876 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सची जयपुरात निघालेली हत्तींवरची मिरवणूक. सगळे त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी काढत होते. माझे पाय मात्र दुसऱ्याच एका चित्रापुढे थांबले, आणि वहिनी, तिथं मला कब्रस्तानातला एक जण पुन्हा भेटला.

"कोण?"

"थांबा. चित्र झोफनी नावाच्या जर्मन चित्रकाराचं. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि त्याची बायको मॅरियन, अलीपूरच्या आपल्या बागेत एका झाडाखाली उभे. मागे देशी आया. बाई झोकात, आणि हेस्टिंग्ज तिच्याकडे टक लावून. का नाही बघणार! दुसऱ्याची बायको पळवून आणलेली."

माई सूप घेऊन थेट कुंपणापाशी आल्या.

"1769 मध्ये हेस्टिंग्ज जहाजानं मद्रासला निघाला. त्याच जहाजावर बॅरन इमहोफ म्हणून एक जर्मन चित्रकार आणि त्याची बायको. वाटेत हेस्टिंग्ज आजारी पडला. सेवा कोणी केली? बॅरनच्या बायकोनं. उतरल्यावरही तिघं एकाच गावात. मग बॅरन एकटाच मायदेशी गेला, बायको इथंच राहिली, आणि तिकडून घटस्फोटाचा कागद यायला वर्षं गेली. बॅरनच्या हातावर चांगली रक्कम ठेवली होती, असं तेव्हापासून बोललं जातं. 1777च्या ऑगस्टमध्ये कागद आल्यावर मोठ्या थाटात लग्न लागलं. आता कब्रस्तानातला माणूस. जनरल क्लेव्हरिंग. कौन्सिलात हेस्टिंग्जचा हाडवैरी. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं स्वतःलाच गव्हर्नर जनरल जाहीर केलं होतं. किल्ल्याच्या किल्ल्या द्या, खजिन्याच्या किल्ल्या द्या! कोर्टानं हेस्टिंग्जच्या बाजूनं निकाल दिला, आणि याचं तोंड पडलं. दोन महिन्यांनी हेस्टिंग्जनं लग्नाला बोलावलं. हा अंथरुणाला खिळलेला, येत नाही म्हणाला. मॅकॉलेनं लिहिलंय की हेस्टिंग्ज स्वतः त्याच्या घरी गेला आणि त्याला ओढून मेजवानीला घेऊन आला. लग्न ऑगस्टच्या आठ तारखेला. तीस तारखेला क्लेव्हरिंग खलास. आता पार्क स्ट्रीटला आहे, आणि ती बाई सोन्याच्या चौकटीत."

"म्हणजे मुद्दाम आणला त्याला," वहिनी म्हणाल्या.

"नाही तर काय! शत्रूनं आपल्या लग्नातलं जेवण जेवून मरावं, याच्यापेक्षा दुसरं सुख कुठलं?"

माईंना मात्र दुसरंच लागलं होतं. "त्या पहिल्या नवऱ्याचं काय झालं? तो बिचारा पैसे घेऊन कुढत बसला असंल."

"कुढतोय कुठला! जर्मनीत जाऊन त्यानं दुसरं लग्न केलं. आणि वहिनी, तुम्ही ऐका हे. ती दुसरी बायको कोण, माहितेय? शाकुंतल वाचून वेडा झाला म्हटलं ना मी तो गटे? त्याची जिवलग मैत्रीण होती शार्लोट फॉन स्टाइन. तिची सख्खी बहीण."

"म्हणजे सगळे एकमेकांचे सोयरेच निघाले की!" वहिनींनी कपाळावर हात मारला.

"तेच म्हणते मी. गाव केवढं, आणि माणसं किती. यांना मी तिथंच म्हटलं, सकाळी त्यांच्या घरी जाऊन आलो आणि दुपारी त्यांचे अल्बम बघतोय. तर हे म्हणाले, चहा कुठं मिळेल बघ."

"आमचे जाऊन राहिले डिसेंबरात," वहिनी म्हणाल्या. "मीही जाईन म्हणते. जोन्ससाठी तरी."

"जा ना. ओडोमॉस घेऊन जा. सकाळी कब्रस्तान आधी करा, ऊन व्हायच्या आत. आणि सोमवारी व्हिक्टोरिया बंद असतं, यांनी विचारलं नसतं तर आमचा घोटाळाच होता. कब्रस्तानात गाइड नाही मिळाला तरी चालेल, पाट्या वाचत हिंडायचं. आपलं नागपूरचं म्युझियम, अजब बंगला, बघायला तासभर पुरतो, तिथं अख्खा दिवस धरा."

"मलेही ने," माई म्हणाल्या. "मले तो साडीवाला पाहायचा आहे."

"माई, आंघोळ करावी लागेल परत आल्यावर."

"त्या गोऱ्यानं गंगेत केली ना रोज? मग मी तिथंच करीन."

आतून कुकरची शिट्टी झाली. या वेळी वहिनींनाही ऐकू आली नाही. त्या डब्यातला चौथा संदेश उचलत होत्या.